प्रेमचंद रायचंद यांना विद्यार्थ्यांपुढे कसे मांडावे?

प्रश्न – वर्धेकर

मी वर्धा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवर या घड्याळाच्या मनोऱ्याचे दाते प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांच्यावर पुढील महिन्यात व्याख्यान द्यायचे आहे. कापसाचे बडे व्यापारी, शेअर बाजारातील अग्रणी आणि शिक्षणासाठी सढळ हाताने देणारे दाते, अशी त्यांची ओळख करून द्यावी असे प्रथम वाटले होते. परंतु शेअर बाजाराच्या १८६५ च्या ज्या कोसळीत मुंबईतील असंख्य कुटुंबे धुळीला मिळाली, तिच्या केंद्रस्थानीही हेच गृहस्थ होते. तेव्हा त्यांना दानशूर म्हणावे की सट्टेबाज? शिवाय, अंध आईला सूर्यास्तापूर्वी जेवता यावे म्हणून त्यांनी हा घड्याळाचा मनोरा बांधला, ही गोष्ट सांगावी का?

प्रतिसाद – फोर्टवासी

दोन्ही म्हणावे, आणि एकाच वाक्यात म्हणावे, कारण दान आणि सट्टा एकाच पैशातून झाले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि धारवाडच्या कापसाच्या गाठींना मुंबई बंदरात सोन्याचा भाव आला. युद्धाच्या त्या काही वर्षांत शहरात ८ कोटी पौंडांहून अधिक जादा पैसा आला, असा हिशेब सांगतात. भाव इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बाजारात ठरत आणि बातमी टपालाच्या बोटीने येई. ती बोट धक्क्याला लागण्याआधीच प्रेमचंद यांची माणसे लहान होड्यांतून पुढे जाऊन भाव घेऊन येत, असे सांगितले जाते. एलफिन्स्टन संस्थेत शिकलेल्या या सुरतेच्या तरुणाला इंग्रजी अवगत होते, आणि दलालीच्या धंद्यात ते फार मोठे भांडवल होते.

या पैशाला शेतात किंवा गिरणीत जायला वाट नव्हती, म्हणून तो शेअरांत गेला. समुद्र बुजवण्याच्या, विशेषतः मुंबईच्या बॅक बे या उपसागराच्या, कंपन्यांचे शेअर अनेक पटींनी चढले. बँक ऑफ बाँबे शेअर तारण ठेवून कर्जे देत सुटली आणि तिच्या कर्जवाटपावर प्रेमचंद यांचा मोठा प्रभाव होता. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आल्याची बातमी आली, भाव कोसळले आणि १ जुलै या वायद्याच्या दिवशी, म्हणजे आधी ठरलेले सौदे पुरे करण्याच्या दिवशी, देणी चुकवणे अनेकांना अशक्य झाले. पुढे बँकही बुडाली आणि तिच्या चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला. ही बाजू व्याख्यानातून वगळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रतिसाद – ग्रंथपाल_निवृत्त

फोर्टवासी यांच्याशी मी सहमत आहे. परंतु दानाच्या तारखा पाहिल्यावर माझे मत थोडे वेगळे झाले. १८६४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ग्रंथालयासाठी २ लाख रुपये देऊ केले आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. विद्यापीठ तेव्हा अवघे ७ वर्षांचे होते आणि त्याला स्वतःची इमारतही नव्हती. पैसा कोसळीपूर्वी विद्यापीठाच्या स्वाधीन झाला, म्हणून तो वाचला. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून आराखडा केला, १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा उभा राहिला आणि त्याला प्रेमचंद यांच्या इच्छेनुसार त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव मिळाले.

अंध आईची गोष्ट मात्र आख्यायिका म्हणूनच सांगावी. जैन घरात चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम, पाळला जाई, त्यामुळे ती पटण्याजोगी वाटते. पण प्रेमचंद यांचा बंगला भायखळ्याला होता आणि तेथून मनोरा ४–५ किलोमीटर दूर आहे. तिथपर्यंत टोले पोहोचणे मला कठीण वाटते.

मनोऱ्यापेक्षाही मला अधिक मोलाची वाटते ती कलकत्ता विद्यापीठातील शिष्यवृत्ती. १८६६ मध्ये त्यांच्या २ लाखांच्या देणगीतून ती सुरू झाली. आपले नाते नसलेल्या प्रांतातील विद्यार्थ्यांसाठी, संशोधनाकरिता, व्याजातून वर्षानुवर्षे चालणारी अशी ही रचना आहे. शिक्षणतज्ज्ञ आशुतोष मुखर्जी तिचे मानकरी होते. इतिहासकार जदुनाथ सरकारही होते, आणि शिवकाळावर त्यांनी पुढे केलेले काम व मराठ्यांचे इतिहासकार रियासतकार सरदेसाई यांच्याशी जुळलेला त्यांचा स्नेह आपल्याला ठाऊक आहेच. अहमदाबादेत शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयालाही प्रेमचंद यांचे नाव आहे.

प्रतिसाद – काळी_माती

वर्ध्यात बोलणार आहात, तर कापूस पिकवणाऱ्याचा उल्लेख अवश्य करा. तेजीत सावकाराने शेतकऱ्याला मोकळ्या हाताने कर्ज दिले आणि भाव पडल्यावर तेच कर्ज गळ्याशी आले. दख्खनमध्ये १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जाच्या वह्या जाळल्या, त्यामागच्या कारणांत ही पडझडही होती. त्याच वर्षी मुंबईत शेअर दलालांची संघटना रीतसर स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत प्रेमचंद होते, आणि मनोऱ्याचे कुर्ल्याच्या दगडातले बांधकाम तेव्हा चालू होते.

वर्धेकर

तिघांचेही मनापासून आभार. व्याख्यानाची सुरुवात मी आता हिंगणघाटच्या कापूस बाजारापासून करीन, तेथून मुंबईच्या वायद्यापर्यंत जाईन आणि शेवटी कलकत्त्याच्या शिष्यवृत्तीवर सर्वांत जास्त वेळ देईन. तिच्या मानकऱ्यांविषयी ग्रंथपाल यांच्याकडे आणखी काही टिपणे असतील, तर कृपया येथेच द्यावीत.