सपोर्ट ग्रुपवर दुसऱ्याचे लेख टाकणं : तुमचे अनुभव सांगा (अनुभव धागा)

इंदिरानगरकर :
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आमचा डिमेन्शिया असलेल्यांच्या घरच्या लोकांचा ग्रुप आहे, मी आणि अजून दोघी अ‍ॅडमिन. माझ्या सासूबाईंना अल्झायमर्स आहे. ग्रुपवर रोज कुणीतरी काहीतरी टाकतं, पेपरच्या कात्रणाचा फोटो, दिवाळी अंकाची पानं, इंग्रजी जर्नलची पीडीएफ, नाहीतर कुठूनतरी उचललेला अख्खा मजकूर, आणि त्यावर ना लेखकाचं नाव ना तारीख. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. रात्री दोन वाजता पेशंट उठून कडी काढायला लागला की घरचा माणूस मिळेल ते वाचतो, हे मला कुणी सांगायला नको.

पण एक मजकूर आमच्याकडे परत परत यायचा, अमेरिकेत अल्झायमर्सवर नवीन औषध आलं म्हणून. अ‍ॅड्युकॅन्युमॅब. बातमी खोटी नव्हती, जून 2021 मध्ये तिकडच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, खरंच मंजुरी दिली होती. पण जानेवारी 2024 मध्ये कंपनीनेच ते बंद करतोय असं जाहीर केलं. मूळ पानाची लिंक असती तर वर 2021 दिसलं असतं आणि वाचणारा थांबला असता. कॉपीत तारीखच नाही, त्यामुळे ती बातमी कायम ताजी. ग्रुपमधले एक काका तो मजकूर प्रिंट करून डॉक्टरांकडे गेले, तिकडे असलेल्या मुलाला औषध बघायलाही सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांनी खरं काय ते सांगितल्यावर त्यांची जी अवस्था झाली ती मी पाहिली आहे.

तेव्हापासून नियम केला की अख्खा लेख टाकायचा नाही, लिंक, लेखकाचं नाव, तारीख आणि काय कळलं ते आपल्या शब्दांत. बरेच जण नाराज झाले. "इथे माणसं मरणाच्या टेन्शनमध्ये आणि तुम्हाला कॉपीराइटचं पडलंय" असंही ऐकलं. म्हणून विचारते, तुमच्या ग्रुपवर काय करता? कुणी लेखकाची परवानगी मागितली का, मिळाली का? कुणाचा स्वतःचा लेख असा फिरला का? सविस्तर लिहा, फक्त पेशंटची नावं नकोत.

गोदेकाठची :
माझा फिरला. नवऱ्याचं पिणं सुटेपर्यंतची वर्षं मी एका दिवाळी अंकात लिहिली होती. संपादकांशी खूप बोलून, मुलांना विचारून, काही प्रसंग गाळून. अंकात माझं नाव होतं आणि खाली एक चौकट होती की ही घटना आमच्या संमतीने छापली आहे, मदत हवी असेल तर अंकाच्या पत्त्यावर लिहा. कुणीतरी पानांचे फोटो काढले, मग कुणीतरी ते टाइप करून घेतलं, नाव गेलं, चौकट गेली, शेवटचे दोन परिच्छेदही गेले. त्या दोन परिच्छेदांत मी लिहिलं होतं की एकदा सुटल्यावर तो परत घसरला होता आणि परत उपचार घ्यावे लागले. ते गेल्यामुळे लेख असा झाला की बायकोने प्रेमाने सांगितलं आणि दारू सुटली. असं नसतं हो! हे वाचून कुठली तरी बाई स्वतःलाच दोष देत बसेल, माझंच प्रेम कमी पडलं म्हणून, या विचाराने मला कित्येक दिवस झोप आली नाही.

तो मजकूर शेवटी माझ्या जावेच्या माहेरच्या ग्रुपवरून मलाच आला, "लेखिका अनामिक, नक्की वाचा". मानधन वगैरे दिवाळी अंकात किती मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे, पैशाचं मला काही वाटलं नाही. पण अंक काढणारे जाहिराती मागत उन्हातान्हात फिरतात, विक्रीवर पुढचा अंक ठरतो, त्यांचं काय? मला कुणी विचारलं असतं तर मी आनंदाने हो म्हटलं असतं, पूर्ण लेख द्या एवढीच अट घातली असती.

निफाडची_आई :
ताई तुमचं वाचून वाईट वाटलं. पण मी दुसरी बाजू सांगते, रागावू नका. माझ्या मुलाला टाइप वन डायबेटीस आहे, इन्सुलिनवर आहे. आमच्या वस्तीवर रेंज कधी असते कधी नसते, लिंक दिली की गोल गोल फिरत बसतं, उघडलं तर इंग्रजी, आणि खाली पैसे भरा. द्राक्षाच्या हंगामात दिवसभर बागेत, रात्री पॅकिंग, वाचणार कधी? एकदा मुलाला ताप आणि उलट्या झाल्या, खात काहीच नव्हता, घरातली मोठी माणसं म्हणाली खात नाही तर इन्सुलिन कशाला टोचतेस. माझ्या फोनमध्ये ग्रुपवरून कुणीतरी टाकलेलं मराठी पान सेव्ह होतं, आजारपणात इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, साखर आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात वाढणारं आम्ल) तपासत राहायचं, डॉक्टरांना फोन करायचा. ते पान मी सासऱ्यांना वाचून दाखवलं आणि तसंच केलं. ते पान कुणाचं होतं, परवानगी होती का, मला माहीत नाही. ते पान फोनमध्ये नसतं तर मी काय केलं असतं हेही मला माहीत नाही. त्यामुळे नियम करा पण आमच्यासारख्यांना पोचेल असं काहीतरी ठेवा.

इंदिरानगरकर :
रागावायचा प्रश्नच नाही. हेच ऐकायचं होतं.

कायदेवाचक :
मी वकिली करते, द्वारकेजवळ ऑफिस आहे. रुग्णांच्या एका ग्रुपला सल्ला द्यायची वेळ आली होती, तेव्हा जे सांगितलं ते इथे सांगते. निफाडच्या ताईंनी जे वाचलं त्यातली माहिती, म्हणजे इन्सुलिन बंद करू नका ही गोष्ट, ती कुणाच्याच मालकीची नाही. कॉपीराइट मांडणीवर असतो, शब्दांवर असतो, माहितीवर नसतो. तीच माहिती आपल्या भाषेत लिहून हजार जणांना पाठवा, कायदा आड येत नाही.

आपला कायदा 1957 चा. कलम 52 मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक वापराला आणि संशोधनाला सूट आहे, समीक्षेला आहे, चालू घडामोडींच्या बातम्यांना आहे. आईच्या फाइलला लावायला लेख प्रिंट केला तर कुणी विचारत नाही. पण पाचशे अनोळखी लोकांचा ग्रुप म्हणजे वैयक्तिक वापर, असं मी कुठल्याही अशिलाला छातीठोकपणे सांगणार नाही. "आम्ही पैसे कमवत नाही" हे सगळे म्हणतात. कलम 63 मध्ये जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे, आणि धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे फुकट वाटलं म्हणून कृत्य माफ होत नाही, शिक्षेत फरक पडू शकतो. प्रत्यक्षात सपोर्ट ग्रुपमागे कुणी पोलीस लावेल असं मला वाटत नाही, घाबरवायला लिहीत नाहीये.

भाषांतराबद्दल मात्र खूप गैरसमज आहे. इंग्रजी लेख अख्खा मराठीत केला म्हणजे आपला झाला असं लोकांना वाटतं. कलम 14 नुसार भाषांतराचा हक्क मूळ हक्कदाराचाच. आणि मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. आपल्या नाशिकचे तात्यासाहेब शिरवाडकर 1999 ला गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवर 2059 संपेपर्यंत हक्क आहे. धीर द्यायला त्यांच्या कविता प्रत्येक ग्रुपवर येतात, निदान नाव तरी बरोबर आणि ओळी तरी पूर्ण असाव्यात एवढी माझी कळकळ आहे.

सातपूरचा_बाबा :
आमचा ऑटिझमच्या पालकांचा ग्रुप. इंदिरानगरकर ताईंनी तारखेचं लिहिलं ते शंभर टक्के. 1998 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये एक पेपर आला होता ज्यावरून गोवराच्या लसीने ऑटिझम होतो असं जगभर पसरलं, 2010 मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. आज लॅन्सेटच्या साइटवर त्या पेपरवर लाल अक्षरात मागे घेतल्याचा शिक्का दिसतो. पण कुणाच्या तरी फोनमधल्या जुन्या फाइलवर तो शिक्का कुठून येणार? नवीन आईबाप ग्रुपमध्ये येतात तेव्हा आधीच स्वतःला खात असतात, त्यात हे असलं काही कुणी टाकलं की धाकट्याची लस थांबवतात. आमच्याकडे थांबवली होती एका घराने, मग डॉक्टरांना ग्रुपवर बोलावून समजावलं. मला कायद्यातलं कळत नाही पण मूळ जागेकडे नेणारी लिंक असलीच पाहिजे यावर मी भांडतो, कारण सुधारणा झाली तर ती तिथेच होते.

जुना_उपसंपादक :
पेपरात उभं आयुष्य गेलं, आता निवृत्त. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पेपर घरी येणं बंद झालं आणि ई-पेपरच्या पीडीएफ सकाळी सहाच्या आत ग्रुपवर पडायला लागल्या. दैनिक जागरणने टेलिग्रामवर दिल्ली हायकोर्टात केस केली, मे 2020 मध्ये कोर्टाने असे ई-पेपर वाटणारी चॅनल काढायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. लोकांना वाटलं बडी कंपनी आहे, तिला काय फरक पडतो. पण त्याच काळात गावोगावच्या आवृत्त्या बंद पडल्या, पानं कमी झाली, आरोग्याची पुरवणी करणारी मुलं घरी बसली. पीडीएफ हे काही एकटं कारण नव्हतं, जाहिराती आटल्या होत्या हे मोठं कारण. तरी ज्या लेखांवर तुमचे ग्रुप चालतात ते लिहिणाऱ्याला पगार कुठून मिळतो याचा विचार व्हावा असं मनापासून वाटतं. सिन्नर, येवल्याच्या वार्ताहराला बातमीमागे काय मिळायचं ते मी पाहिलंय.

आवाज :
मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर लिहितोय, चुका सांभाळून घ्या. एक विनंती, कात्रणाचे फोटो टाकू नका, आम्हाला त्यातलं काही कळत नाही. आणि कायद्याचं एक राहिलं, 2012 च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी वाचता येईल अशा स्वरूपात मजकूर करून द्यायला आणि तो आपसात शेअर करायला परवानगी आहे, नफा न घेता. अंध लोकांना वाचता येईल अशी पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारत, 2014 मध्ये. त्यामुळे माझी बहीण मला लेख टाइप करून देते तेव्हा ती काही चोरी करत नाही. पण हे आमच्यासाठी आहे, तेच पुढे सगळ्यांना पाठवायला नाही, हे आम्ही पाळतो.

कायदेवाचक :
आवाज दादा, अगदी बरोबर, मी लिहायला हवं होतं ते तुम्ही लिहिलंत.

अनुवाद_करते :
परवानगीबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. किडनीच्या पेशंटच्या ग्रुपसाठी मी भाषांतरं करते. जर्नलमधला लेख असेल तर त्यावर पत्रव्यवहारासाठी लेखकाचा ईमेल असतोच, त्यावर सरळ लिहायचं की आम्ही कोण, किती लोक, पैसे घेत नाही, मराठीत करायचं आहे. बहुतेक संशोधक स्वतःची प्रत आनंदाने पाठवतात, आपला पेपर नाशिकमध्ये डायलिसिसवर बसलेली माणसं वाचणार याचं त्यांना अप्रूप वाटतं. पण भाषांतर वाटायची परवानगी पुष्कळदा त्यांच्या हातात नसते, हक्क प्रकाशकाकडे गेलेले असतात, आणि तिकडून एकदा मला फॉर्म आला तो भरता भरताच नाद सोडला. त्यापेक्षा आधी खालचं लायसन्स बघते. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे वापरायची आधीच दिलेली जाहीर परवानगी, आणि पुढे फक्त बीवाय (लेखकाचं नाव द्या) असेल तर नाव देऊन भाषांतर करता येतं, विचारावंही लागत नाही. एनडी (बदल करू नका) असेल तर भाषांतर वाटता येत नाही. फुकट वाचता येतं म्हणजे फुकट वाटता येतं असं नाही, हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगते.

अमेरिकन सरकारच्या संस्थांचं स्वतःचं लिखाण त्यांच्याकडे कॉपीराइटमुक्त असतं, मेडलाइनप्लसवरची आजारांची साधी माहिती त्यातलीच. पण त्याच साइटवरचा वैद्यकीय ज्ञानकोश बाहेरच्या कंपनीचा आहे, तो उचलू नका. भारत सरकारची पुस्तिका मात्र आपोआप मोकळी होत नाही, आपल्याकडे सरकारचाही कॉपीराइट असतो.

ग्रंथपाल_मी :
वाईट याचं वाटतं की वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेत 2025 पासून सरकारी कॉलेजांना जवळजवळ 13 हजार जर्नल उघडली, तीन वर्षांचे 6 हजार कोटी मंजूर झाले, आणि ज्याच्या शरीराबद्दल ते लेख आहेत तो पेशंट अजून बाहेरच. नातेवाईक येऊन काकुळतीने विचारतात, एक लेख काढून द्या ना. वाचकांनी हे सरकारकडे मागायला हवं, नुसतं पीडीएफ पळवून ते सुटणार नाही.

गोदेकाठची :
निफाडच्या ताई, तुमचं मनात राहिलं. लिहिणाऱ्यांपैकी कुणी ग्रुपसाठी मुद्दाम लिहायला तयार असेल तर? मी आहे. फोनवर बोलून पाठवेन, लहान फाइल, नेट नसलं तरी ऐकता येईल.

निफाडची_आई :
ताई असं झालं तर आमच्या वस्तीवरच्या बायका जमून ऐकतील. वाचता न येणाऱ्याही आहेत.

अनुवाद_करते :
मग मी आजारपणातल्या इन्सुलिनचं मेडलाइनप्लस आणि बीवाय लायसन्सचे लेख वाचून आपल्या शब्दांत मराठी करते, वर तारीख आणि कुठून घेतलं ते बोलून सांगू. पण औषधांचं मी एकटी तपासणार नाही. कुणी डॉक्टर, फार्मासिस्ट आहे का इथे?

कॉलेजरोड_फार्मसी :
मी बघते, पाठवा. बोलताना युनिट शब्द पूर्ण उच्चारा आणि आकडा दोनदा सांगा, आमच्या काउंटरवर चारचं चौदा ऐकलेले पेशंट येतात. शेवटचा मजकूर डायबेटीसच्या डॉक्टरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय रेकॉर्ड करू नका, त्यांना मी विचारते.