मदत हवी आहे: कायोटी (लांडग्याचा लहान भाऊबंद) हाक ऐकून येतात, पण टप्प्यात येत नाहीत

मंडळी, मी टेक्सासात सॅन अँजेलोच्या दक्षिणेला एका मित्राच्या रानावर शेरडं पाळतो. मूळचा आटपाडीकडचा, त्यामुळे शेरडं नवी नाहीत. शिकार मात्र नवी आहे.

दोन आठवड्यांत तीन करडं गेली. आधी मोकाट कुत्र्यांवर संशय होता. पण कुत्री मागचे पाय, कान, मिळेल तिथं फाडतात. इथं तिन्ही करडांच्या नरड्यावर, जबड्याखालीच दात रुतले होते. शेजारच्या म्हाताऱ्या रँचवाल्यानं बघताक्षणी सांगितलं, कायोटी. लहानपणी लांडग्यानं नेलेल्या कोकरामागे रडणारी आजी आठवली. रात्री झोप लागत नाही.

माझा जन्म 1971 नंतरचा, म्हणून हंटर एज्युकेशनचा कोर्स करून लायसन्स काढलंय. रानमालकाची परवानगी आहे. इथं कायोटीला बंद हंगाम नाही. टू-टू-थ्री रायफल आहे, निशाण्यावर नेम धरायचा सराव केलाय.

चार पहाटे बसलो. पिकअप पाणवठ्याजवळ लावतो, मेस्किटच्या (आपल्या वेड्या बाभळीची बहीण) आडोशाला बसतो, इलेक्ट्रॉनिक कॉलर (प्राण्यांचे आवाज वाजवणारं यंत्र) पायाशी ठेवतो आणि ससा कळवळल्याचा आवाज मोठ्यानं लावतो. दहा मिनिटं वाट बघून जागा बदलतो. तीन पहाटे कोरड्या गेल्या. काल एक आला, तीनशे यार्डांवर थबकला, अर्धा वळसा घालून माझ्या पाठीमागं गेला आणि गायब. कुठं चुकतंय?

प्रतिसाद 1
दादा, मी कॅन्ससात नऊ वर्षं हे करतोय. तुमचा कायोटी घाबरून पळाला नाही, त्यानं तुमचा वास घेतला. आवाज ऐकला की तो सरळ येत नाही. वारा आवाजावरून पुढं जिकडे वाहतो, तिकडे वळसा घालून जातो आणि नाकानं खात्री करतो. तुम्ही आणि कॉलर एकाच जागी, मग त्याला ससा नाही, माणूस मिळाला.

कॉलर स्वतःपासून चाळीस-पन्नास यार्ड लांब ठेवा. वारा समोरून किंवा पाठीवर नको, गालावर आडवा लागू दे. ज्या अंगाला तो वास घ्यायला जाणार, ती बाजू तुम्हाला मोकळी दिसली पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं हेच. बाकी हुकलं तरी चालेल.

गाडी टेकाडाआड लावा, दार आपटू नका. आवाज हळू सुरू करा, जवळच कोणी असेल तर मोठ्या आवाजानं बुजतं. दहा मिनिटं फार कमी, वीस बसा. आणि सध्या फेब्रुवारी, त्यांच्या जोड्या जमायचा काळ. आधी एकट्या मादीची लांब हाळी लावा, दोन-तीन मिनिटं गप्प राहा, मग ससा. येताना थांबला नाही तर तोंडानं बारीक चिरकलात की थबकतो. त्याच्या मागं काय आहे ते पाहिल्याशिवाय चाप ओढू नका.

प्रतिसाद 2
शिकार करा, पण तेवढ्यावर राहू नका. एक जोडी मारली की मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरी तरणी येतात. आम्ही कोलोरॅडोत मेंढरांसोबत अनाटोलियन शेफर्ड जातीची राखणीची कुत्री ठेवलीत. पिल्लू असल्यापासून कळपातच वाढवावं लागतं, अंगणात लाडावलेलं कुत्रं हे काम करत नाही. आणि व्यायला आलेल्या शेळ्या रात्री गोठ्याजवळ आणा. करडाचा पहिला आठवडा सांभाळला की अर्धं भय जातं.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. ताई, शेळ्या त्याच रात्री आत घेतल्या. पिल्लासाठी दोन ठिकाणी विचारलंय.

दादा, आज तुम्ही सांगितलं तसंच केलं. पहिल्या जागी काही नाही. दुसऱ्या जागी हाळी लावली, गप्प बसलो. सतराव्या मिनिटाला डाव्या अंगानं, वास घ्यायच्या वाटेवरच, एक नर ओघळीतून वर आला. मी चिरकलो, तो थांबला. मागं नुसता मातीचा बांध होता. सत्तर यार्डांवर एका गोळीत पडला.

मादी अजून त्याच रानात आहे, संध्याकाळपासून ओरडतेय. तिनं ती हाळी ऐकलेली असणार. आता दुसरा आवाज लावू, की आठवडाभर त्या बाजूला जाऊच नको?