मदत हवी आहे: सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाची बाजू मांडताना महागाईच्या मुद्द्यावर अडलो आहे

नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात पुढील महिन्यात ‘सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न’, म्हणजे सरकारने प्रत्येकाला कोणतीही अट न घालता नियमित द्यायची रोख रक्कम, ‘असावे की नसावे’ या विषयावर जाहीर चर्चा ठेवली आहे आणि ‘असावे’ ही बाजू माझ्याकडे आली आहे. पतसंस्थेत तीस वर्षे खतावण्या सांभाळल्यामुळे आकड्यांची भीती वाटत नाही आणि वाचनही बरेच झाले आहे. अडचण एकाच ठिकाणी आहे, पण तिथे आलो की पुढचे सगळे अडते, म्हणून हा धागा.

‘फुकटचे पैसे मिळाले की माणसे आळशी होतात’ हा आक्षेप मला फारसा जड जाणार नाही. मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यातील गावांमध्ये ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने २०११ पासून युनिसेफच्या निधीतून केलेल्या प्रयोगात प्रौढांना दरमहा २०० आणि मुलांना १०० रुपये, व पुढे अनुक्रमे ३०० आणि १५० रुपये, कोणतीही अट न घालता दिले गेले. लोकांनी काम सोडले नाहीच, उलट अनेकांनी मजुरीपेक्षा स्वतःच्या शेतीकडे अधिक लक्ष दिले. फिनलंडचा २०१७-१८ मधील प्रयोग मात्र मी बाजूला ठेवला आहे. तेथे दरमहा ५६० युरो मिळालेले दोन हजार जण सगळे बेरोजगारांतून निवडलेले होते, आणि त्याला सार्वत्रिक म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझा मुख्य मुद्दा ‘सर्वांना’ या शब्दाचा आहे. आमच्या शेजारच्या काकूंबरोबर मी एकदा एका अनुदानाच्या पडताळणीसाठी सेवा केंद्रात गेलो होतो. कांद्याच्या खळ्यावर हयात गेल्यामुळे त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. पदराला बोट पुसून त्यांनी पाच वेळा काचेवर अंगठा टेकवला, पाचही वेळा तांबडा दिवा लागला आणि ‘उद्या सकाळी लवकर या’ एवढे ऐकून आम्ही परतलो. एका दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. त्या गरजू आहेत याबद्दल गावात कोणालाही शंका नव्हती. शंका फक्त त्या यंत्राला होती. यादी आली की यादीतून गळणारी माणसेही आलीच, असे माझे मत आहे.

महाराष्ट्राला यादीशिवायची योजना नवी नाही, हेही मला सांगायचे आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळालेली रोजगार हमी ‘मागेल त्याला काम’ या तत्त्वावर चालली. उन्हात माती उपसण्याची तयारी हीच पात्रता असल्यामुळे गरीब कोण हे ठरवत बसण्याची वेळ आली नाही.

खर्चाचा हिशेब कठीण आहे, तो मी लपवणार नाही. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत, अरविंद सुब्रमणियन मुख्य आर्थिक सल्लागार असताना, माणशी वर्षाला ७६२० रुपये म्हणजे महिन्याला ६३५ रुपये धरले होते, आणि तेही सर्वांना न देता ७५ टक्के लोकांना द्यायचे म्हटले तरी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.९ टक्के येत होता. आपल्या राज्यापुरते पाहायचे तर २०११ च्या जनगणनेतील ११.२४ कोटी लोकांना दरमहा १५०० रुपये द्यायला वर्षाला दोन लाख कोटींहून अधिक लागतील, आणि राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा होता. म्हणजे सुरुवात लहान रकमेनेच करावी लागेल, आणि तसे मी सांगेनही.

आता अडचण. विरुद्ध बाजूचे वक्ते माझे जुने स्नेही आहेत. त्यांनी परवा पारावर बसल्याबसल्या विचारले, “अन्नसुरक्षा कायद्यातले माणशी पाच किलो धान्य दहा वर्षांनीही पाच किलोच भरेल. तुमचे हजार रुपये तेव्हा किती भरतील?” केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचे उदाहरण त्यांच्या हाताशी होतेच, ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्र देते ती रक्कम दीड दशकाहून अधिक काळ २०० रुपयांवरच थांबली आहे. मला उत्तर सुचले नाही. महागाईने रक्कम झिजू नये अशी तजवीज कोणी मांडली आहे का, किंवा कोठे प्रत्यक्षात केली आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे. रेशन बंद करून रोख द्यावी, असे माझे म्हणणे नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

प्रतिसाद:

आपल्या स्नेह्यांचा मुद्दा रास्त आहे, तो खोडून काढण्याच्या भरीस पडू नये. अर्थतज्ज्ञ देबराज रे यांनी ठरावीक रकमेऐवजी राष्ट्रीय उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सर्वांत समान वाटावा असे सुचवले आहे. उत्पन्न वाढले की वाटाही आपोआप वाढतो. अमेरिकेतील अलास्का राज्यात १९८२ पासून तेलाच्या पैशातून उभ्या केलेल्या निधीचा लाभांश दरवर्षी रहिवाशांना मिळतो, तोही निधीच्या कमाईशी जोडलेला होता. मात्र २०१६ मध्ये तेथील गव्हर्नरांनी तो जवळपास निम्म्यावर आणला आणि पुढच्या वर्षी न्यायालयानेही त्यांचा अधिकार मान्य केला. तेव्हा सूत्र कायद्यात घातले म्हणजे काम झाले, असे समजू नका.

धागाकर्त्याचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. ‘किती रुपये’ हा शब्दप्रयोग आता भाषणातून काढतो आणि ‘किती हिस्सा’ असे मांडतो. ठरावीक उत्पन्न एका योजनेसाठी बाजूला ठेवण्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे: १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. माझ्या पगारातूनही तो दरमहा कापला जाई. त्या कराचे उत्पन्न वर्षानुवर्षे किती जमले आणि त्यातले हमीच्या कामांवर किती लागले, याचे आकडे कोणाकडे असतील तर कृपया येथे द्यावेत. अलास्काची गोष्ट स्नेह्यांनी काढण्याआधी मीच काढणार आहे, आणि त्यापुढे हे आकडे हाताशी असलेले बरे.