प्रतिसाद: पिकअपला कूलंट हीटर

खानापूरच्या दादांनी विचारलंय, पहाटे भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्याला निघताना पिकअप लवकर सुरू होत नाही, डिझेलवर चालणारा कूलंट हीटर, म्हणजे सुरू करण्याआधीच इंजिनमध्ये फिरणारं कूलंटचं पाणी तापवणारं यंत्र, बसवू का. आपल्याकडच्या थंडीसाठी तो खर्च नको, असं माझं स्पष्ट मत. हे यंत्र शून्याखालच्या मुलखासाठी आहे. आधी ग्लो प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून तापणारे प्लग, तपासा: वायर काढून मल्टिमीटर लावा, साधारण एक ओहम यायला हवा, सर्किट तुटलेलं दाखवलं तर तो प्लग गेला. मग बॅटरी, अर्थिंग आणि डिझेल लाईनमधली हवा. रात्रभर उभ्या गाडीत डिझेल मागे उतरतं, हे कारण फार वेळा नजरेतून सुटतं.

तरीही लेहची भाडी मारणार म्हणून बसवायचाच असेल, तर जागा नीट निवडा. हीटर आणि त्याचा पंप कूलंटच्या पातळीच्या खाली हवा, नाहीतर हवा अडकून तो तापतो नि बंद पडतो. डिझेल टाकीतून वेगळ्या नळीने घ्या, इंजिनच्या लाईनला टी जोड मारून फाटा काढू नका. हीटरच्या सायलेन्सरचं तोंड केबिनपासून लांब. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, बंद शेडमध्ये तर चालवूच नका. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवायचा, नाहीतर जाम होतो.

आणि टाकीतलं डिझेल गोठलं तर हा हीटर काही करत नाही हो, त्याला हिवाळी डिझेलच, म्हणजे कडक थंडीतही न गोठणारं डिझेल, लागतं.