मदत हवी आहे : बिलाचा मॅक्रो बरोबर चालतोय हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं मी एक्सेलमध्ये मॅक्रोनं (ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) काढते. परवा एका आजींचं बिल वहीपेक्षा रुपयानं कमी आलं. जीवाला लागलं. शोधलं तर व्हीबीएमधला (मॅक्रो लिहायची भाषा) राउंड, म्हणजे रक्कम पूर्णांकात बसवणारं फंक्शन, ४१२.५ चे ४१२ करतो (बरोबर अर्धा आला की सम अंकाकडे झुकतो), शीटमधला राउंड मात्र ४१३. ते दुरुस्त केलं, पण असं आणखी काय दडलं असेल?

आता फाइलची प्रत काढून त्यात मुद्दाम अवघड नोंदी घातल्यात: रिकामा रकाना, आकड्याऐवजी मजकूर म्हणून बसलेलं दुधाचं फॅट, ३१ तारखेमुळे अकरा दिवसांचं झालेलं बिल. उत्तरं आधीच हातानं काढून ठेवलीत. मॅक्रोत बदल केला की ही सगळी पडताळणी आपोआप करून चुकलेली ओळ लाल करणारा दुसरा मॅक्रो कुणी लिहिलाय का?