मंडळाचा डेस्कटॉप चालू होत नाहीये, मदत हवी

चिटणीस, मंगळवार, रात्री ९:४०

सप्रेम नमस्कार मंडळी,

शनिवारी मंडळाचा जुना डेस्कटॉप एडिसनहून आमच्याकडे पिस्कॅटवेला आणला आणि बेसमेंटमध्ये लावला. बटण दाबलं तर ढिम्म. पंखा नाही, दिवा नाही, बीपसुद्धा नाही. केबल बदलून पाहिली. सॉकेट चांगलं आहे, त्यावर माझा फोन चार्ज होतोय.

गणपती तीन आठवड्यांवर आलेत आणि आरत्यांच्या पुस्तिकेची फाइल फक्त याच मशिनवर आहे, तीही जुन्या फॉन्टमध्ये. मदरबोर्ड गेला असेल का? नवा घ्यायचा झाला तर खजिनदारांची परवानगी लागेल.

खजिनदार, रात्री ९:५२

परवानगी नाही. आधी बिघाड कळू दे.

काका, रात्री १०:३०

अगं, एवढ्यात मदरबोर्डपर्यंत जाऊ नकोस. भोसरीला टेस्ट बेंचवर बसायचो तेव्हा आमचा नियम होता: भिंतीपासून सुरुवात करायची आणि आत आत जायचं. आणि काय बदललं ते विचारायचं. शुक्रवारपर्यंत चालत होता, मधे फक्त जागा बदलली.

दोन प्रश्न. मागे एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या पेटीवर (पॉवर सप्लाय), शून्य आणि उभी रेघ अशी खूण असलेलं बटण आहे, ते रेघेकडे दाबलेलं आहे ना? हलवताना ते हमखास दाबलं जातं.

दुसरं, फोन सॉकेटच्या वरच्या भागात लावलास की खालच्या? आपल्याकडे प्रत्येक सॉकेटशेजारी त्याचं बटण असतं, डोळ्यांना दिसतं. इथे अमेरिकेत बऱ्याच घरांत सॉकेटचा एक अर्धा भाग कायम चालू असतो आणि दुसरा अर्धा दाराजवळच्या दिव्याच्या बटणावर, टेबल लॅम्पसाठी. बटण बंद असलं की अर्धं सॉकेट मेलेलं. शिवाय बेसमेंटच्या सॉकेटवर ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ अशी दोन छोटी बटणं असतील तर रीसेटही दाबून बघ.

एक सभासद, रात्री ११:०५

एसएमपीएसच्या मागे लाल सरकतं बटण असेल तर तेही बघा, ११५ आणि २३० लिहिलेलं. भारतातून आणलेलं मशीन २३० वर राहिलं तर इथल्या १२० व्होल्टवर नुसतं चालू होत नाही, बिघडत काही नाही. उलटं मात्र करू नका. मी इथला डेस्कटॉप ११५ वरच ठेवून नाशिकला घरी लावला. ठो! खोलीभर धूर. आई अजून तो किस्सा पाहुण्यांना सांगते.

काका, रात्री ११:२०

होणारच. ११५ वर ठेवलं की आतलं सर्किट येणारा दाब दुप्पट करून घेतं. साधारण सव्वातीनशे व्होल्ट व्हायचे तिथे साडेसहाशे झाले, कपॅसिटर काय करेल बिचारा! हल्ली बरेचसे सप्लाय १०० ते २४० आपोआप ओळखतात, त्यांच्यावर ते बटणच नसतं.

चिटणीस, बुधवार, सकाळी ७:१५

काका, सांगायलाही लाज वाटते. फोन वर होता, कम्प्युटर खाली. दाराजवळचं बटण लावल्यावर मदरबोर्डवर हिरवा दिवा लागला.

पण आनंद अर्धाच. पॉवर दाबलं की पंखा अर्धा गिरका घेतो, आतून टक् असा आवाज येतो आणि परत शांत.

काका, सकाळी ८:००

लाजू नकोस, हा दुसरा आजार निघाला आणि याची लक्षणं बोलकी आहेत. हिरवा दिवा म्हणजे सप्लायमधून बोर्डला येणाऱ्या जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट येतायत, ते मशीन बंद असतानाही येतात. समोरच्या बटणाने बोर्डला इशारा मिळतो, बोर्ड हिरवी वायर काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या वायरला जोडतो आणि मग सप्लाय पूर्ण जागा होतो. तुझा जागा होतोय, पण कुठेतरी शॉर्ट दिसल्यामुळे स्वतःला वाचवायला लगेच झोपतोय.

प्लग काढ. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धर म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाल. एसएमपीएसची पेटी मात्र अजिबात उघडायची नाही, प्लग काढल्यावरही तिच्या आत जीवघेणा दाब राहू शकतो.

आता बोर्डवरून एकेक गोष्ट सोडव: हार्ड डिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड, समोरच्या यूएसबीची वायर. दर वेळी पुन्हा प्लग लावून बटण दाबून बघायचं, पुढची वायर काढण्याआधी प्लग परत काढायचा. कंटाळवाणं आहे, पण घाई करून दोन गोष्टी एकदम काढल्या तर दोषी कोण ते कळत नाही. सगळं काढूनही तेच झालं तर सप्लाय वेगळा तपासू. हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडून बघतात, पण ते माझ्यासमोर कर, शनिवारी येतो.

चिटणीस, रात्री ८:४५

यायची गरज नाही, चहाला मात्र या!

यूएसबीची वायर काढली आणि मशीन सुरू झालं. टॉर्च घेऊन समोरचं पोर्ट पाहिलं तर आतली प्लॅस्टिकची जीभ तुटलेली, पितळी पट्ट्या वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकलेल्या. गाडीत ठेवताना पेनड्राइव्ह तसाच लावलेला होता आणि मागच्या सीटवर आपटला असणार.

काका, रात्री ९:१०

सापडलं! त्या पोर्टवर चिकटपट्टी लाव आणि वायर सुटीच राहू दे, मागची पोर्टं आहेतच. पण आज झोपायच्या आधी आरत्यांची फाइल, यादी, सगळं दुसरीकडे कॉपी कर, आणि पुस्तिकेची पीडीएफ काढून ठेव म्हणजे फॉन्टची कटकट नाही. घड्याळ भलतीच तारीख दाखवत असेल तर बोर्डवरचा नाण्यासारखा सेल बदल, सीआर २०३२.

चिटणीस, रात्री ११:३०

कॉपी झालं. तारीख खरंच २००९ दाखवत होता, सेल उद्या आणते. खजिनदार, पावती देईन.

लेझीमची गाणी असलेला तो पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे. ज्यांचा असेल त्यांनी रविवारच्या तालमीला घेऊन जावा. वाकलाय, पण चालतो. मागच्या पोर्टलाच लावा.