मे महिन्याच्या उन्हात टर्बो गाडी तिसऱ्या लॅपनंतर का मंदावते?

पिटलेन_पुणे
नमस्कार मंडळी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मे महिन्यात दुपारी 2.0 लिटर टर्बो पेट्रोल गाडी न्यायची आहे. इंजिनात बदल नाहीत, इंटरकूलरही (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारी जाळी) कंपनीचाच. पहिले दोन लॅप ठीक जातात, मग सरळ रस्त्यावरची ओढ कमी होते. गरम हवा विरळ असते म्हणूनच ना? बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, थोडा वाढवला तर भरून निघेल का?

गरमहवा
बूस्टला हात लावू नका, त्याने उलट जास्त बिघडेल.

समुद्रसपाटीला 15 अंशांवर एक घनमीटर हवेचं वजन 1.225 किलो असतं, 40 अंशांवर साधारण 1.13. म्हणजे घट आठेक टक्के, आणि ती पहिल्या लॅपलाही तेवढीच असते. तिसऱ्या लॅपला जे होतं ते इंटरकूलर तापल्यामुळे.

हिशेब करून बघा. 1.2 बार बूस्ट आणि टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर 15 अंशांची हवा टर्बोतून साधारण 120 अंशांवर बाहेर पडते आणि 40 अंशांची 150 च्या पुढे. ही उष्णता इंटरकूलरने बाहेर टाकायची, पण त्याच्यावर येणारा वारासुद्धा 40 चाच. दोन लॅप त्याचं धातूचं वजन उष्णता पोटात घेतं, मग जागा उरत नाही. इंजिनात गरम हवा गेली की नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याचा धोका. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन टायमिंग मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो), बूस्टही कापतो. तुम्हाला जाणवते ती ढिलाई हीच. बूस्ट वाढवला की टर्बोतून हवा आणखी तापून येईल.

ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती देणारं सॉकेट) रीडर लावून इनटेकच्या हवेचं तापमान बघत राहा. साठीच्या पुढे सरकायला लागलं की एक लॅप वरच्या गिअरमध्ये, बूस्ट न चढवता काढा. दोन जोरात, एक थंड, हा क्रम धरा. एसी बंद, कारण त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसतो. जाण्याआधी इंटरकूलरच्या फिन्समधला चिखल आणि किडे कमी दाबाच्या पाण्याने, मागून पुढे धुऊन काढा. बाजूच्या फटी फोमने बुजवा, नाहीतर वारा सोपी वाट धरून बगलेतून निघून जातो. पेट्रोल किमान 95 ऑक्टेन.

दमटकिनारा
वरचं सगळं बरोबर. फक्त किनाऱ्यावर आर्द्रताही मोजा. 35 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेत हवेच्या दाबातले साडेचार टक्के निव्वळ वाफेचे असतात, तेवढा ऑक्सिजन कमी. बिनटर्बोच्या गाडीला हे थेट जाणवतं. वाफेमुळे नॉकिंग किंचित दबतं, पण त्या भरवशावर कमी ऑक्टेन भरू नका.

पिटलेन_पुणे
धन्यवाद, बूस्टचा विचार सोडला. टायर आणि ब्रेकचं काय?

गरमहवा
टायरमधली हवा 30 अंशांना 32 पीएसआय भरली आणि ती 70 अंशांपर्यंत तापली, तर दाब 38 होतो. टायर मधोमध फुगतो, कडा रस्ता धरत नाहीत, आणि आपण दोष सस्पेन्शनला देत बसतो. म्हणून गरम दाब ठरवा. 34 हवा असेल तर थंड असताना 28 भरा, ट्रॅकवरून आल्याबरोबर मोजा, जास्तीची सोडा. घरी निघण्याआधी टायर थंड झाले की पुन्हा कंपनीने सांगितलेला दाब भरायला विसरू नका.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दमट भागात लवकर. डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश, पाणी मुरलेलं असताना किमान 155. ऑइल उकळून वाफ धरली की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. जुनं झालं असेल तर डॉट 4 किंवा 5.1 नवं भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

दमटकिनारा
एक राहिलं. पिटमध्ये आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा म्हणजे टर्बोतलं तेल फिरत राहील. बॉनेट उघडा. हँडब्रेक लावू नका, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा.